जुन्या पेठेतल्या आळीसाठी भित्तिचित्र आणि तांब्याचं काम करून घ्यायचंय : सुरुवात कुठून करावी?

कसबेकर

नमस्कार मंडळी,

पुण्यात कसबा पेठेत, तांबट आळीजवळच्या एका बोळातल्या रहिवाशांनी आणि दुकानदारांनी मिळून एक समिती केली आहे. मेट्रोचं कसबा पेठ स्थानक २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झालं. तरी बाहेरून येणारी माणसं शनिवारवाडा आणि कसबा गणपती पाहून परत फिरतात, आळीत कुणी शिरत नाही. बोळात चित्रं आणि शिल्पकाम करून घ्यावं, लोकांनी आत यावं, तांबटांच्या दुकानांना गिऱ्हाईक मिळावं, असा विचार आहे. एका कंपनीकडून सीएसआरचे (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या निधीतले) १२ लाख मिळण्यासारखे आहेत.

जागा तीन :

१. एका वाड्याची बाजूची आंधळी भिंत. रुंदी ३० फूट, उंची २४ फूट. खालचे ४ फूट काळ्या दगडाचं जोतं, वर वीटकाम. काही भागावर जुना चुन्याचा गिलावा आहे, काही भागावर अलीकडे केलेला सिमेंटचा. समोर बोळ ११ फुटांचा.

२. बोळातली कुंपणभिंत, ६० फूट लांब, ५ फूट उंच. ही सिमेंटचीच आहे.

३. चौकातला पिंपळाचा पार. इथे तांब्याचा मोठा हंडा उभारावा, असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे.

दिल्लीच्या लोधी कॉलनीसारखे भव्य चेहरे रंगवावेत, असा तरुण मंडळींचा आग्रह आहे. जुन्या लोकांना तांबटकामच हवंय. कलाकार कसा निवडायचा, परवानग्या कुणाच्या, कुठला रंग टिकतो, पैसे कसे विभागायचे? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

जोत्यापासून

कसबेकर, चित्राचा विषय महिनाभर बाजूला ठेवा आणि आधी भिंत वाचा. सध्या पाऊस चालू आहे, भिंत बघायला याहून चांगली वेळ नाही. उन्हाळ्यात ठणठणीत दिसणारी भिंत जुलैमध्ये खरं काय ते सांगते.

सरीनंतर दोन तासांनी जाऊन बघा. ओल वरून येते आहे की खालून? वरून येत असेल तर पन्हळ फुटलेली असते किंवा कौलं सरकलेली असतात, आणि भिंतीवर उभे काळपट ओघळ दिसतात. खालून येत असेल तर जोत्याच्या वर दोन-तीन फुटांपर्यंत आडवा पट्टा दिसतो आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरी पूड असते. तो लोणा. नखाने खरवडून बघा, गिलावा पिठासारखा सुटला तर तिथे कुठलाही रंग टिकणार नाही. मग लाकडी मुठीने भिंत ठोकत जा. भरीव आवाज आला तर गिलावा धरून आहे, पोकळ आला तर सुटलाय. पोकळ भागांभोवती खडूने रेघ मारा आणि फोटो काढून ठेवा. याच फोटोंवरून पुढे कंत्राटदाराकडून मापं घ्यायची.

आणखी एक सोपी चाचणी : ४५ सेंटिमीटर चौरस जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि किमान १६ तास तसंच ठेवा. काढल्यावर आतून दव असेल किंवा भिंत गडद झाली असेल तर ओल अजून बाहेर येते आहे. जोत्यालगत, मध्यभागी आणि वर अशा तीन ठिकाणी करा. पावसाळा संपल्यावर पुन्हा करा, आणि तिन्ही जागा कोरड्या निघाल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुनी वाड्याची भिंत पाणी शोषते आणि बाहेर सोडते. चुना, माती, वीट यांचा तो धर्मच आहे. त्यावर बाहेरच्या भिंतीचा नेहमीचा अॅक्रिलिक रंग मारला की वर एक पापुद्रा बसतो. पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, त्यातले क्षार पापुद्र्यामागे साचून स्फटिक होतात आणि रंगासकट गिलावा ढकलतात. दोन-तीन पावसाळ्यांत चित्राला फोड येतात, मग पोपडे पडतात. लोक रंगाला दोष देतात, पण मूळ चूक रंगाच्या निवडीत झालेली असते.

तुमच्या भिंतीवर दोन गिलावे शेजारी-शेजारी आहेत, हा वेगळा धोका. सिमेंट ताठ, चुना लवचिक. जिथे दोन्ही भेटतात तिथे उन्हाळ्यानंतर चीर दिसणारच, आणि ती नेमकी चित्रातून जाईल. सिमेंटचा भाग छिन्नी-हातोडीने हळूहळू काढा. ब्रेकर मशीन अजिबात लावू नका, हादऱ्याने जुन्या विटांचे सांधे सुटतात. मग विटांच्या दर्जा (सांधे) चुन्याने भरून घ्या आणि चुन्याचा गिलावा करा : किमान १५ दिवस, जमल्यास त्याहून बराच जास्त काळ पाण्यात मुरवलेला चुना १ भाग, चाळलेली वाळू आणि सुरखी (विटांची पूड) मिळून अडीच ते तीन भाग. पहिला थर १२ ते १५ मिलिमीटर, वर निरूचा (बारीक चाळलेल्या चुन्याचा गुळगुळीत थर) २ ते ३ मिलिमीटर. आठ-दहा दिवस गोणपाट लावून ओला ठेवा, नाहीतर केसासारख्या चिरा पडतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, ढोबळमानाने महिन्याला एक मिलिमीटर. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गिलावा आणि फेब्रुवारीत चित्र, असा काळ धरा.

रंग सिलिकेटचा घ्या. पोटॅशियम सिलिकेट आणि खनिज रंगद्रव्य यांचा हा रंग गिलाव्याशी रासायनिक रीतीने जोडला जातो, पापुद्रा करत नाही, भिंत श्वास घेत राहते. आडोल्फ विल्हेल्म काइम या जर्मन माणसाने १८७८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. याच्या अडचणीही सांगतो. आधी अॅक्रिलिक किंवा ऑइल पेंट मारलेल्या भिंतीवर तो धरत नाही. रंगपेटी मर्यादित असते : गेरू, पिवडी, ऑक्साइडचे तपकिरी आणि हिरवे, अल्ट्रामरीन निळा, काळा, पांढरा. भडक गुलाबी, फ्लुरोसंट पोपटी विसरा. शिंतोडे काचेवर पडले तर काच कायमची खरवडल्यासारखी होते, म्हणून शेजारच्या खिडक्या आणि खालचं काळ्या दगडाचं जोतं पूर्ण झाका. आणि पातळ करायला नळाचं पाणी घालू नका, त्याच कंपनीचं द्रावण वापरा.

ही मर्यादित रंगपेटी वाड्याला शोभून दिसते, हे माझं ठाम मत आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली चित्रं बघून या. आपल्याकडे भिंत रंगवायची परंपरा आहेच, ती मुळात चुन्याशी सलगी करूनच वाढली.

---

कलासमन्वय

जोत्यापासून यांच्याशी पूर्ण सहमत. त्यांच्या हिशेबात माझा हिशेब मिसळते.

आधी लोधी कॉलनीबद्दल. ते ब्लॉक ब्रिटिशांनी १९४० च्या दशकात बांधलेली सरकारी घरं आहेत. मालक एक, भिंती एकसारख्या, रस्ते रुंद, समोर झाडं आणि उभं राहायला जागा. स्टार्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेने तिथल्या भिंतींवर केलेलं काम उत्तमच आहे, पण ते त्या जागेचं आहे. तुमचा बोळ ११ फुटांचा. डोळा पाच फुटांवर धरला तर २४ फुटांवरचं चित्र बघायला साठ अंशांत मान वर करावी लागेल. भव्य चेहरा रंगवलात तर खालून हनुवटी आणि नाकपुड्या तेवढ्या दिसतील. शिवाय बोळात माणूस भिंतीसमोर उभा राहत नाही, तो भिंतीच्या कडेने चालत जातो. म्हणून चालता चालता उलगडत जाणारं, आडवं, बारकाव्यांचं चित्र हवं. कलाकाराला दाखवायला बोळाच्या दोन्ही टोकांहून आणि मध्यावरून, डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढा. समोरून सरळ काढलेला फोटो देऊ नका, तो फसवतो.

व्यक्तिचित्रांबद्दल आणखी एक. कुणाही थोर व्यक्तीचा चेहरा भिंतीवर आला की त्याला हार येतो, जयंती येते, आणि पुढे चित्र उडालं तरी ते पुसण्याची किंवा बदलण्याची कुणाची छाती होत नाही. वाद होतात ते वेगळेच. आळीचं काम, हत्यारं, भांडी, घडवणारे हात हा विषय कुणालाही आपला वाटतो.

निवड अशी करा. सात जणांचं निवडमंडळ : तीन रहिवासी (त्यात किमान एक बाई आणि एक भाडेकरू), एक तांबट कारागीर, भिंतीचे मालक, एक वारसा-वास्तुविशारद आणि बाहेरचा एक चित्रकार. दोन पानांचं निवेदन लिहा. त्यात मापं, फोटो, भिंतीची स्थिती, वापरायचा रंग, मुदत, मानधन, काय चालणार नाही, सगळं यावं. खुलं आवाहन करा, पण त्यात आधीच्या कामाचे दहा फोटो आणि एक पानभर विचार एवढंच मागा. फुकट रेखाटनं मागू नका. अर्जांतून तिघांना बोलवा, प्रत्येकाला २० हजार द्या, आळीत दोन दिवस राहून माणसांशी बोलायला सांगा आणि मग १ : १० प्रमाणात रेखाटन मागा. ही ६० हजारांची रक्कम वाया जात नाही. न निवडलेल्या दोघांकडूनही आळीकडे बघायची नजर मिळते.

रेखाटनं आठवडाभर आळीत मांडा, पण मतदान घेऊ नका. मतदानात सगळ्यात ओळखीचं, गोड चित्र जिंकतं. लोकांच्या हरकती लिहून घ्या. निवडमंडळाने त्या वाचून निर्णय करावा आणि कारणं लेखी लावावीत.

१२ लाखांचा माझा ढोबळ आराखडा :

भिंतदुरुस्ती आणि गिलावा २.५ लाख, तीन रेखाटनांचं मानधन ०.६, चित्रकार आणि मदतनीस २.४, रंग-साहित्य १, परांची आणि सुरक्षा ०.८, तांब्याचं काम १.८, दिवे ०.५, कागदपत्रं-विमा-अभियंता ०.५, अचानक खर्च ०.४, देखभालीची ठेव १.५.

चित्रकाराचे पैसे चार हप्त्यांत : करार होताच २० टक्के, भिंत तयार होऊन साहित्य आल्यावर ३०, काम पूर्ण झाल्यावर ४०, आणि उरलेले १० पहिला पावसाळा गेल्यावर भिंत एकत्र बघून. हे शेवटचे १० टक्के गिलावा करणाऱ्यालाही लावा. पोपडा पडला की चित्रकार गिलाव्याकडे बोट दाखवतो आणि गवंडी रंगाकडे. दोघांचेही पैसे अडकलेले असले की दोघंही भिंतीजवळ येऊन उभे राहतात.

आणि काम सुरू व्हायच्या आधी बोळातून किती माणसं जातात ते मोजून ठेवा. दोन कामाचे दिवस, एक रविवार, सकाळ-दुपार-संध्याकाळ एकेक तास. वर्षभराने त्याच वेळा पुन्हा मोजा. कंपनी विचारेलच, पण खरं म्हणजे ते तुम्हालाच कळायला हवं.

---

कलम ५७

कलासमन्वय ताईंचा आराखडा चांगला आहे, एक दुरुस्ती मात्र आवश्यक आहे. देखभालीची ठेव सीएसआरमधून करता येणार नाही. २०२१ च्या जानेवारीतल्या दुरुस्तीनंतर संस्थेच्या कायम निधीला दिलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून धरली जात नाही. मार्ग असा : काम बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मांडा. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं मिळतात. त्या वर्षांची धुलाई, तपासणी, डागडुजी नावानिशी अंदाजपत्रकात घाला. त्यापुढची सोय दुकानदारांच्या वर्गणीतून.

शिवाय नुसत्या नागरिक समितीला ही रक्कम मिळत नाही. १२ए आणि ८०जी (प्राप्तिकर सवलतीच्या नोंदी) असलेला, सीएसआर-१ अर्ज भरून नोंदलेला न्यास किंवा संस्था लागते. असा एखादा न्यास शोधून त्याच्याशी लेखी करार करा. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचं संरक्षण हा विषय स्पष्ट आहे, त्यामुळे हेतूची अडचण नाही. मात्र कंपनीचं बोधचिन्ह चित्रात घेऊ नका. तसं केलं की चित्राची जाहिरात होते आणि महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाचा प्रश्न उभा राहतो. बाजूला लहानशी पाटी पुरे.

पारावरचा हंडा : इथे थांबा. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि तत्सम जागांवर पुतळा किंवा बांधकाम उभारायला राज्यांनी परवानगी देऊ नये असा आदेश दिला. चौकातल्या उभ्या शिल्पासाठी त्या वाटेने जाल तर वर्षं जातील. शिवाय पिंपळाच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी ठेवायला हवी आणि खोडाला खिळा-तार काहीही लावायचं नाही. झाडाच्या बाबतीत वृक्ष प्राधिकरणाला विचारल्याशिवाय हात लावू नका. तांब्याचं काम खासगी भिंतीवर, मालकाच्या संमतीने घ्या.

शनिवारवाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती यांनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. नुसतं चित्र काढणं म्हणजे बांधकाम नव्हे, पण प्रतिबंधित क्षेत्रातली डागडुजीही सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने करावी लागते. तुमची भिंत कुठल्या पट्ट्यात येते ते आधी मोजून घ्या. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, कुठल्या श्रेणीत, हे हेरिटेज सेलमध्ये विचारा. असेल तर गिलावा आणि चित्र दोन्हींसाठी वारसा समितीची मान्यता. नसेल तरी क्षेत्रीय कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

मालकाची संमती हा सगळ्यात नाजूक भाग. लोधी कॉलनीत मालक एक, इथे एका मालमत्ता पत्रकावर नऊ वारस असू शकतात. सिटी सर्व्हेतून मालमत्ता पत्रक काढा, त्यावरच्या प्रत्येकाची सही घ्या, भाडेकरूंना लेखी कळवा. वाटणीचा किंवा भाडेकरूचा दावा चालू असेल तर ती भिंत सोडून द्या. संमतीपत्रात चित्र किती वर्षं ठेवायचं, दुरुस्तीसाठी कोण कधी येणार आणि वाडा पाडला तर काय, हे यायलाच हवं.

शेवटचा मुद्दा लोक विसरतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५७ नुसार, हक्क विकले तरी आपल्या कृतीची मोडतोड करून प्रतिष्ठेला धक्का लावू न देण्याचा अधिकार कलाकाराकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं म्युरल (भित्तिशिल्प) १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. म्हणून करारात लिहा : भिंत पाडायची किंवा झाकायची असेल तर कलाकाराला ६० दिवस आधी लेखी सूचना, चित्राचं पूर्ण छायाचित्रण, आणि सुटे होणारे भाग आधी त्यांना देऊ करणं.

प्रतींच्या हक्कांबद्दलही लिहा. पैसे देऊन करून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याचा असतो. शिल्पाचं तसं नाही. आणि हक्कांच्या करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. सार्वजनिक जागी कायम ठेवलेल्या शिल्पाचे फोटो छापायला कायद्यात सूट आहे, भिंतीवरच्या चित्राला ती लागू नाही. आळीतल्या दुकानांना चित्राच्या पिशव्या, पोस्टकार्डं विकायची असतील तर ती परवानगी आत्ताच, त्याच करारात घ्या.

---

कसबेकर

खूप आभार. आज सरीनंतर भिंत पाहिली. जोत्यावर अडीच फुटांपर्यंत ओलीचा पट्टा आहे, वर लोणा. उजव्या वरच्या कोपऱ्यात पन्हळीखाली काळा ओघळ. ठोकल्यावर सिमेंटचा जवळजवळ सगळा भाग पोकळ वाजतोय. वाड्यावर दावा नाही, मालमत्ता पत्रकावर चार नावं आहेत आणि चौघं तयार आहेत.

हंड्याचा नाद सोडला. तांबटांचं काम भिंतीवर कसं घ्यावं? आणि कुंपणभिंतीला कुठला रंग? एका रंगारीदादांनी वाड्याच्या भिंतीवरही पारदर्शक पॉलियुरेथेनचा हात मारा, गुलाल आणि पानाच्या पिचकाऱ्या धुता येतील, असं सुचवलंय.

---

ठोका

मठारकामाबद्दल लिहितो. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके शेजारी-शेजारी बसवत जायचं, प्रत्येक ठोक्याचा एक चकचकीत पैलू उमटतो, आणि ठोक्यांनी पत्रा कडकही होतो. उन्हात हे पैलू वेगवेगळ्या कोनांत चमकतात. माणूस चालत गेला की चमक पत्र्यावरून सरकत जाते. अरुंद बोळासाठी याहून चांगलं काम सुचत नाही, कारण बघणारा तिथे हलताच असतो.

एकसंध मोठं शिल्प करू नका, २ फूट × २ फुटांचे सुटे फलक करा. ०.९ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा असा फलक साधारण ३ किलोचा होतो. बारा फलक म्हणजे ३६ किलो, दोन माणसं सहज चढवतात. त्याहून पातळ पत्रा ठोकताना फाटतो आणि बसवल्यावर वाऱ्याने वाजतो. कडा ८ ते १० मिलिमीटर मागे दुमडून घ्या. हात कापत नाही आणि फलक पिळत नाही.

बसवताना लोखंडी खिळा, लोखंडी पट्टी काहीही चालणार नाही. ओलाव्यात तांब्याला लागलेलं लोखंड झपाट्याने गंजतं, वर्षा-दोन वर्षांत खिळ्याची मान तुटते आणि फलक खाली येतो. ३१६ स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी स्क्रू, खाली नायलॉनची वायसर. छिद्र स्क्रूपेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठं ठेवा, उन्हात पत्रा वाढतो आणि घट्ट छिद्रात फुगवटा येतो. फलक आणि भिंत यांत २० ते २५ मिलिमीटर पोकळी हवी, नाहीतर मागे ओल साचते. स्क्रू विटेत नको, सांध्यात घ्या. पुढे काढावे लागले तर सांधा चुन्याने भरता येतो, फुटलेली वीट भरता येत नाही.

पावसाचं पाणी तांब्यावरून ओघळलं की खालच्या पांढऱ्या चुन्यावर हिरवट डाग पडतात आणि ते निघत नाहीत. प्रत्येक ओळीखाली ३० मिलिमीटर पुढे आलेली तांब्याची पट्टी द्या, पाणी भिंतीला न लागता खाली टपकेल. लॅकर मारू नका. उन्हात तो तडकतो आणि फलक चट्ट्याचट्ट्यांचा दिसतो. वर्षातून दोनदा मेण लावा, किंवा सरळ रंग उतरू द्या, तपकिरी होत जाणारं तांबंही देखणं असतं. एक सूचना आळीत सगळ्यांना द्या : हौसेने कुणी चिंच-मीठ लावून घासायचं नाही. आंबट पाणी खालचा चुना खातं आणि मेणही जातं.

तांब्याला चोरीची भीती असतेच. पहिली ओळ १० फुटांच्या वर घ्या, स्क्रूची डोकी खास पान्याशिवाय न निघणारी वापरा आणि प्रत्येक फलकामागे क्रमांक कोरा.

आणि कारागिरांना रोजंदारीवर घेऊ नका. ज्याने फलक घडवला त्याचं नाव पाटीवर चित्रकाराच्या नावाइतक्याच अक्षरात यावं, करारही त्याच्याशी कलाकार म्हणूनच व्हावा. ही आळी त्यांच्या हातांनी ओळखली जाते. मुंबईत काळा घोडा बघा : सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये हलवला, लोकांच्या तोंडी नाव तेवढं उरलं, आणि २०१७ मध्ये तिथे स्वार नसलेला घोडा उभा राहिला. जागेच्या नावातच विषय होता. तुमच्याकडे तर नाव आणि काम दोन्ही अजून जिवंत आहे.

---

जोत्यापासून

पॉलियुरेथेन वाड्याच्या भिंतीवर नको. सिलिकेट लावून भिंत श्वास घेती ठेवायची आणि वर पॉलियुरेथेन मारून तोंड दाबायचं, याला अर्थ नाही. अॅक्रिलिकच्या वेळी जे सांगितलं तेच होईल, आणखी लवकर.

त्याऐवजी चित्र वर उचला. ४ फूट जोतं दगडाचंच उघडं ठेवा, दर्जा चुन्याने भरून घ्या. त्यावरचा ३ फुटांचा पट्टा नुसत्या चुन्याच्या सफेदीचा किंवा गेरू मिसळलेला. लोणा येणार तो इथे येईल, दरवर्षी दिवाळीआधी पट्टा घासून पुन्हा एक हात द्यायचा, खर्च नगण्य. पिचकाऱ्याही याच उंचीपर्यंत पोचतात. चित्र ७ फुटांच्या वर सुरू होईल : ३० × १७, म्हणजे ५१० चौरस फूट, साधारण ४७ चौरस मीटर. दोन हातांना सिलिकेट रंग १६ ते २० लिटर पुरतो. पन्हळ मात्र गिलाव्याच्या आधी दुरुस्त झाली पाहिजे. ती राहिली तर बाकी सगळं वाया.

परांची दुहेरी बांधा, स्वतःच्या पायावर उभी राहणारी. एकेरी परांचीचे बांबू भिंतीत भोक पाडून अडकवतात, ते इथे नको, आणि वाड्याच्या लाकडी घोड्यांना (बाहेर आलेल्या आधारांना) दोर बांधू देऊ नका. ३ फूट परांचीने गेले की बोळात ८ फूट उरतात, रुग्णवाहिकेचं काय ते क्षेत्रीय कार्यालयाशी बोलून ठेवा. विजेच्या सर्व्हिस वायरी जवळून जात असतील तर काम सुरू होण्याआधी महावितरणकडून त्यांवर आवरण घालून घ्या.

---

दोन हात रंग

कुंपणभिंत सिमेंटची आहे, तिथे चांगल्या प्रतीचा बाहेरचा अॅक्रिलिक चालेल. पण आधी वरची कड बघा. कुंपणभिंतीचा रंग बहुतेकदा वरून खाली सोलत येतो, कारण माथ्यावर उतार नसतो आणि पाणी तिथूनच आत मुरतं. एका बाजूला उतार असलेलं कोपिंग (भिंतीच्या माथ्यावरचं झाकण) करा, दोन्हीकडे दीड इंच बाहेर, खालून खाच मारलेली. नवा गिलावा असेल तर २८ दिवस थांबा.

६० × ५ म्हणजे ३०० चौरस फूट. प्रायमर एक हात, ३ लिटर. पायाचा रंग दोन हात, साडेपाच ते सहा लिटर. चित्राचे रंग मिळून ६-७ लिटर धरा. लाल, केशरी, पिवळा निवडताना सेंद्रिय रंगद्रव्याची भडक छटा टाळा, पश्चिमेच्या उन्हात ती दोन वर्षांत फिकी पडते आणि निळा-हिरवा तसाच राहिल्याने चित्राचा तोल जातो. ऑक्साइडचे रंग टिकतात. पारदर्शक संरक्षक हात याच भिंतीवर मारा, मॅट, पाण्यावर आधारित, दोन हात. गुलाल इथे धुता येईल, पण कोरडा असतानाच मऊ कुंच्याने झाडायचा, ओला केला की रंग आत शिरतो.

रेखाटन भिंतीवर उतरवायला प्रोजेक्टर ११ फुटांच्या बोळात कामाचा नाही, मागे सरकायला जागाच नाही. लाइनदोरीने एक फुटाचे चौकोन पाडा. ही ६० फुटांची भिंत मुलांच्या हाताच्या उंचीची आहे, चौकोनांत काम वाटलं की आळीतली मुलं सपाट रंग भरू शकतात. कडा आणि बारकावे चित्रकाराने करायचे.

---

कलासमन्वय

गणेशोत्सवाचा विचार करारातच करा. तोरणं, पताका, माळा यांसाठी दरवर्षी कुणीतरी भिंतीत खिळे ठोकतंच, आणि नेमके चित्रात. गिलावा करतानाच चित्राच्या वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना, दर ५ फुटांवर, स्टेनलेस स्टीलच्या कड्या सांध्यांत बसवून घ्या. मंडळाच्या कार्यकर्त्यांना घेऊन जागा ठरवा, म्हणजे त्या त्यांच्या उपयोगाच्या जागी येतील. ३० फुटांच्या भिंतीला वर सात आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन, अशा तेरा कड्या पुरतील. मोठ्या कमानीचा भार मात्र या कड्यांवर नको, तिचे खांब जमिनीवरच उभे करायचे.